फुटाणा आणि स्वयंपाकघराचा उंबरा

मी पुण्यात घरोघर जाऊन कुत्र्यांना शिकवते. म्हणजे कागदावर कुत्र्यांना, प्रत्यक्षात त्यांच्या माणसांना. हे प्रकरण कोथरूडमधल्या एका घराचं. घरच्यांना विचारून लिहितेय आणि माणसांची नावं गाळली आहेत. कुत्र्याचं गाळलं तर प्रकरणातली निम्मी गंमत जाईल, म्हणून ते राहू दिलं: फुटाणा. गरम वाळूत पडल्यासारखा उडतो म्हणून.

पहिला फोन जूनमध्ये आजोबांचा आला. "चावल्याचं मी बघून घेईन, पण सोसायटीचं पत्र आलंय, त्याचं काय करायचं ते सांगा." मागून आजींचा आवाज: "आधी चावल्याचं सांगा त्यांना!"

घरात ही दोघंच. आजोबा ७४, आजी ७०. आजोबा बँकेतून निवृत्त, तरुणपणी क्लबकडून मध्यमगती गोलंदाजी करायचे. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. बाल्कनीतून खाली कंपाउंडची भिंत आणि पलीकडे नाला दिसतो. कुत्रा आणला नातीने. तिला पुढे बेंगळुरूला नोकरी लागली. "सहा महिन्यांत घेऊन जाते" म्हणाली, त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, बाप जॅक रसेल टेरियर आणि आई पॉमेरेनियन. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जो मिळतो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो, तेव्हा आई तीच असणार. पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी आईकडून आलेली. बाकी सगळा ऐवज बापाचा: आखूड पांढरे केस, डोळ्यावर तपकिरी ठिगळ, एक कान उभा आणि एक दुमडलेला, आणि मान अशी ताठ की समोर रॉटवायलरसारखा धिप्पाड कुत्रा असला तरी याला काही देणंघेणं नाही. वय एकोणीस महिने. खांद्यापाशी उंची २९ सेंमी, वजन ७.४ किलो. जॅक रसेलच्या आंतरराष्ट्रीय मापात ३० सेंमी उंचीला ६ किलो वजन धरतात. हा संकर आहे, ते माप त्याला जसंच्या तसं लागू नाही, पण बरगड्या हाताला लागत नव्हत्या, तेव्हा जास्तीचं वजन होतंच.

आणखी एक नोंद महत्त्वाची. पिल्लू घरात आलं तेव्हा ते सहा आठवड्यांचं होतं. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हा नियम उगाच नाही. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं आणि खेळ थांबतो. दात किती लावायचा हे पिल्लू तिथे शिकतं. फुटाण्याचा तो वर्ग अर्धाच झाला होता.

तक्रारींची यादी आजोबांनी बँकेच्या जुन्या डायरीत लिहून ठेवली होती, तारखांसकट. बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. सोफ्याचं एक हँडल फोडून आतला स्पंज काढला. कुंड्या उकरल्या. संध्याकाळी आजोबांच्या लेंग्याला लोंबकळतो. दुपारी दोननंतर बाल्कनीतून भुंकतो, आणि पुण्यात बाकी काहीही चालेल, पण दुपारी एक ते चारमध्ये आवाज चालत नाही. सोसायटीच्या पत्रातली मूळ तक्रार तीच होती. खालच्या मजल्यावर दहावीची मुलगी, तिच्या शेजारी तान्हं बाळ. शेवटची नोंद लाल शाईतली होती: सोफ्यावरून उचलून उतरवताना मनगटाला चावला, रक्त आलं.

चावल्यावर काय केलंत, असं विचारलं. "हळद भरली." मी जरा कडक बोलले. कुत्रा घरचा असो, त्याची रेबीजची लस चालू असो, तरी जखम आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि मग डॉक्टरांना दाखवायची. हळद पोह्यांत घालावी. त्याच संध्याकाळी आजोबा जाऊन आले.

पहिल्या भेटीत मी दीड तास नुसती बसून होते. बेल चार वेळा वाजली. त्या घरातली बेल म्हणजे चिमण्यांचा चिवचिवाट करणारी, आपल्याकडे दर दोन घरांआड असते ती. टेरियरच्या घरात याहून वाईट बेल मला सुचत नाही. चिवचिव सुरू झाली की फुटाणा झोपेतून सरळ हवेत, टाइल्सवर पाय घसरत दारापर्यंत, आणि मग भुंकणं. आजोबा "गप! फुट्या, गप!" असं त्याच्याहून मोठ्याने ओरडत मागे. दार उघडायचं, पार्सल घ्यायचं, माणूस निघून जायचा. फुटाण्याच्या हिशेबात दर वेळी तोच जिंकत होता. तो भुंकला आणि माणूस पळाला. त्यात आजोबांची साथ, म्हणजे दोघं मिळून भुंकतायत.

मी आजोबांचा जुना मोबाइल दिवाणखान्यात लावून दोन दिवसांचं चित्रण करून घेतलं. वयात आलेला कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. हा मोजून साडेसात तास झोपत होता. रात्री न झोपलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी जसं उगाच रडतं, उगाच मारतं, तशी याची अवस्था होती. आणि घरातल्या सगळ्यांची समजूत अशी की याच्यात ताकद फार आहे, ती जिरवली पाहिजे.

ती जिरवायची जबाबदारी आजोबांची. सकाळी चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी चाळीस मिनिटं, खालच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉल. मी बघायला गेले. खांद्यातून झकास थ्रो, गुळगुळीत फरशी, शेवटी करकचून ब्रेक, वळण, परत. आजोबा मोजत होते: "ब्याण्णव... त्र्याण्णव..." शंभराला थांबायचे. वर आल्यावर फुटाणा पाणी प्यायला, दोन मिनिटं धापला आणि आजोबांच्या लेंग्याला लटकला. "बघा, अजून दमला नाही," आजोबा कौतुकाने म्हणाले.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच चेंडूबद्दल. टेरियर या नावात मुळातच जमीन आहे, लॅटिन 'टेरा' वरून. बिळात शिरून जनावर बाहेर काढणारा हा कुत्रा. डेव्हनचे पाद्री जॉन रसेल यांनी १८१९ च्या सुमारास, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका दूधवाल्याकडून 'ट्रम्प' नावाची पांढरी टेरियर कुत्री विकत घेतली आणि कोल्ह्याच्या शिकारीसाठी पुढची पैदास केली, अशी या जातीची कथा सांगतात. उंदीर मारण्यात तर टेरियरांचा हात कोणी धरत नसे. १८२३ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर पिट या झुंजींच्या आखाड्यात 'बिली' नावाच्या बुल-टेरियर वळणाच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. (हे ऐकल्यावर आजोबांनी लगेच हिशेब केला: ३.३ सेकंदांना एक.) या कामाची एक साखळी असते. वास काढायचा, दबा धरायचा, पाठलाग करायचा, पकडायचं, झटकून मारायचं, फाडायचं. फाडून झालं की काम संपलं, अंग सैल सोडायचं. चेंडूच्या खेळात यातला एकच दुवा आहे, पाठलाग. तो शंभर वेळा करायचा आणि शेवट एकदाही नाही. कुत्रा दमत नाही, पेटतो. उरलेले दुवे तो घरी येऊन पुरे करतो: लेंगा पकडायचा, सोफा फाडायचा. शिवाय रोज शंभर धावा काढणारा गडी महिन्यागणिक तयार होत जातो, त्यामुळे पुढच्या महिन्यात दीडशे लागतात. आजोबा मन लावून, प्रेमाने, एक खेळाडू घडवत होते.

पार्किंगमध्येच आणखी एक गोष्ट दिसली. पळता पळता फुटाणा मधेच मागचा डावा पाय दोन-तीन पावलं वर धरायचा आणि लगेच सोडायचा. घरचे म्हणत, "लंगडी घालतो, लाडात आला की." पशुवैद्यांकडे पाठवलं. गुडघ्याची वाटी सरकत होती, चारपैकी दुसऱ्या श्रेणीची. छोट्या कुत्र्यांत हे पुष्कळ दिसतं. आजोबा त्याला सोफ्यावरून उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा नेमका त्या मांडीखाली घालत. त्यामुळे चाव्याची नोंद मी माझ्या कागदावर 'स्वभाव' या रकान्यातून काढून 'दुखणं' या रकान्यात टाकली. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. वजन कमी करायचं, फरशीवर सतरंज्या टाकायच्या, सोफ्यापाशी उतरायला पाट ठेवायचा, उचलायचं नाही आणि फरशीवरचा चेंडू बंद.

आता उंबऱ्याची गोष्ट. दुसऱ्या भेटीत आजी पोळ्या करत होत्या आणि मी हॉलमधून बघत होते. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात दार नाही. जमिनीत काळ्या ग्रॅनाइटची चार बोटं रुंद पट्टी आहे, एवढंच. कोणाचं न ऐकणारा हा प्राणी त्या पट्टीच्या अलीकडे, पुढचे पंजे बरोबर काठावर ठेवून, पोट टेकून बसला होता. तुपाचा वास सुटलेला. तो बसलेला. बेलसुद्धा वाजली. तो उठला, दाराकडे दोन पावलं गेला, एकदाच भुंकला, आणि परत येऊन पट्टीपाशी बसला.

"आजी, हे कसं शिकवलंत?"

"मी कुठं काय शिकवलंय? सोवळंबिवळं नाही हो माझं, पण ओट्याखाली केस नकोत. आत आला की पाय आडवा घालते. बाहेर बसला की काकडीचा तुकडा टाकते."

बस, एवढंच. ओरडणं नाही, "नो नो" नाही, नाव घेऊन हाका नाहीत. आडवा पाय आणि काकडी, दिवसाला वीसेक वेळा, दीड वर्ष, एकदाही अपवाद न करता. त्या रेषेला आजोबासुद्धा चपला काढतात. अख्ख्या घरात एकच जागा अशी होती जिथला नियम रोज तोच होता, आणि तिथेच कुत्रा शांत होता. मी पिशवीतून नवी चटई आणली होती, 'चटईवर जा' शिकवायला. ती परत पिशवीत घातली. जागा तयारच होती.

ठरलं असं. चिमण्यांची बेल काढायची, साधी डिंग-डाँग लावायची. ह्या नव्या आवाजाला फुटाण्याच्या लेखी अजून काही अर्थ नाही, तो आपण द्यायचा. बेल वाजली की आजी पट्टीपलीकडून पनीरचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा टाकणार, दाराशी कोणी असो वा नसो. दिवसातून दहा वेळा आजोबांनीच बाहेर जाऊन बेल वाजवायची. (आधी मी मोबाइलवर बेलचा आवाज वाजवून पाहिला होता. तो साफ फसला. आवाज टेबलावरून येतोय, दारावरून नाही, हे त्याला पहिल्याच झटक्यात कळलं. माझा एक आठवडा वाया गेला.)

खाण्याची वाटी बंद. सात किलोच्या आसपासच्या कुत्र्याला दिवसाला साडेचारशे-पाचशे कॅलरी पुरतात. त्यात आजोबांच्या चहाबरोबर पाच-सहा मारी बिस्किटं जात होती, म्हणजे जवळपास पाव आहार. बिस्किटं थांबली. सकाळचं खाणं पुठ्ठ्याच्या खोक्यात, कालच्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत लपवून. खोकं त्याने फाडायचं, हवं तेवढं. संध्याकाळी बाल्कनीत वाळू भरलेलं प्लास्टिकचं घमेलं, त्यात गाजराचे तुकडे पुरायचे. कचरा होतो, रोज झाडावं लागतं. आजींनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला, चौथ्या दिवशी म्हणाल्या, "सोफ्यापेक्षा रद्दी स्वस्त."

चेंडूऐवजी फिरणं. लांब पट्टा, गळ्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस, पंचवीस मिनिटं, आणि कोपऱ्यावर कुठे वळायचं ते फुटाणा ठरवणार. हुंगू द्यायचं. आजोबांना हे भयंकर कंटाळवाणं वाटलं. "एका खांबापाशी चार मिनिटं? हा काय वाचतोय?" तेच, वाचतोय. मी त्यांना डायरीत खांब मोजायचं काम दिलं, कारण हा माणूस मोजल्याशिवाय जगू शकत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. पुढे ते कुठल्या खांबाला किती सेकंद हेही लिहायला लागले.

पहिला आठवडा वाईट गेला. संध्याकाळी पाचला फुटाणा चपलांच्या रॅकपाशी उभा राहून वीस-वीस मिनिटं भुंकायचा. जुनी सवय सुटायच्या आधी एकदा उसळी मारते, हे मी सांगून ठेवलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी आजोबा विरघळले. मला सांगितलं नाही. वॉचमनकाकांनी सांगितलं: "साहेबांनी काल बॉल टाकला. एकच म्हणाले, पण चाळीस झाले." वीस मिनिटं भुंकलं की चेंडू मिळतो, एवढं फुटाणा त्या संध्याकाळी शिकला. पुढचे दोन दिवस तो तीस मिनिटं भुंकला. मग चेंडू माळ्यावर गेला, शिडी खाली वॉचमनच्या खोलीत गेली, आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

सोसायटीचं पत्र राहिलंच. आजोबांनी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक छापून आणलं होतं. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, हे त्यात आहे आणि ते बरोबरच आहे. मी म्हटलं, हे खणात ठेवा. कागद दाखवून दहावीच्या मुलीचा अभ्यास होत नाही. आजी खालच्या दोन्ही घरी गेल्या, दुपारी दोन ते चार बाल्कनीचं दार बंद राहील असं सांगून आल्या, आणि जाताना नारळाच्या वड्या घेऊन गेल्या. सलग दोन आठवडे दार खरोखर बंद राहिल्यावर तक्रार आपोआप थंडावली. दार बंद झालं तशी झोपही वाढली. बाल्कनी म्हणजे फुटाण्याची पहाऱ्याची ड्युटी होती, त्यातून दुपारची सुट्टी मिळाली.

ऑगस्टमध्ये त्याने कुंडीमागे उंदीर मारला. आजोबांचा फोन आला तेव्हा आवाजात शतक ठोकल्याचा आनंद होता. मी आधी विचारलं, सोसायटीने औषध टाकलंय का? टाकलं होतं, नाल्याच्या बाजूला, ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. हे विष रक्त गोठू देत नाही, आणि त्याची लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, तोवर कुत्रा ठणठणीत असतो. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर त्यालाही धोका. फुटाण्याने उंदीर झटकून टाकून दिला होता, खाल्ला नव्हता, तरी पशुवैद्यांना कळवलं आणि काही दिवस हिरड्यांच्या रंगावर लक्ष ठेवलं. लेप्टोस्पायरोसिसची लस झालेली होती. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून हा आजार येतो, म्हणून अशा कुत्र्याला ती दर वर्षी हवीच. त्यानंतर सोसायटीने त्या बाजूला पिंजरे लावले. गंमत म्हणजे फुटाण्याची पत इमारतीत एकदम वाढली. सेक्रेटरींनी त्याला रात्री मीटररूममध्ये बसवता येईल का असं विचारलं. मी नाही म्हटलं. नाल्यातल्या घुशी त्याच्या निम्म्या आकाराच्या आहेत आणि मागे हटायचं असतं हे त्याला ठाऊक नाही.

गणपतीत एक घोळ झाला. सत्यनारायणाचा शिरा, द्रोण खाली राहिला, बेदाण्यांसकट फस्त. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, किती खाल्ल्यावर ते कुत्र्यागणिक वेगळं, म्हणून वाट बघायची नसते. अर्ध्या तासात दवाखान्यात नेऊन उलटी करवली. वाचला. आजींचा शिरा आता बेदाण्यांशिवाय होतो. पाहुणे विचारतात, त्या सांगत नाहीत.

डिसेंबरमधल्या शेवटच्या भेटीच्या नोंदी: वजन ६.७ किलो. लंगडी क्वचित. बेलला एक किंवा दोन भुंकणी, मग पट्टीपाशी. झोप साधारण बारा तास. चावा पुन्हा नाही. सोफ्याचं दुसरं हँडल शाबूत. न सुटलेलं: पहाटे पावणेसहाला भिंतीवरून जाणारी मांजर. तिच्यासाठी तो अजूनही सगळी सोसायटी उठवतो आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मांजरीला वेळ बदलायला सांगता येत नाही.

नात दिवाळीत आली होती. चार दिवसांत तिने त्याला दोनदा उचललं, एकदा चेंडूही विचारला. (आजोबा म्हणाले, हरवला.) जाताना म्हणाली, आता शहाणा झालाय, जानेवारीत घेऊनच जाते. आजींनी पोळी लाटता लाटता विचारलं, "तुझ्या तिकडच्या स्वयंपाकघराला उंबरा आहे का?"

नाही. तिच्या फ्लॅटमध्ये ओटा हॉलमध्येच आहे. एका घरात शिकलेलं कुत्री दुसऱ्या घरात आपोआप लावत नाहीत, हे मी तिला फोनवर सांगितलं. काळी चिकटपट्टी आण, चार बोटं रुंद, ओट्यापासून पाच फुटांवर चिकटव, आणि पहिले पंधरा दिवस सुट्टी काढ. पंधरा दिवस मिळणार नाहीत म्हणाली, बघते म्हणाली. आजींनी मला वेगळा फोन करून विचारलं, काकडी तिकडे बारा महिने मिळते ना.